दुसरा हॉर्न

तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून मी हे लिहीत नाहीये. माझ्या सख्ख्या भावाने ठेवला नाही, तिथे तुमचं काय घेऊन बसू?

पण यातलं एक अक्षर खोटं नाही. घर आहे. गाडी आहे. आई माझ्याकडेच आहे, पलीकडच्या खोलीत.

गोष्ट गेल्या वर्षीची. थंडीचे दिवस. शनिवारची संध्याकाळ. जागा म्हणजे माझं माहेर... गल्लीच्या टोकाला बैठं घर, पुढे थोडं अंगण, दोन पाखांचं लोखंडी गेट आणि बाजूला पत्र्याची शेड.

शेडमध्ये पपांची गाडी.

आधी पपांबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पपा दिवेलागणीला कामावरून परत यायचे. कोपऱ्यावर वळताना एक हॉर्न द्यायचे. छोटासा. एवढाच... पों.

त्या आवाजानंतर गाडी गेटशी येईपर्यंत दोन्ही पाखं उघडलेली असली पाहिजेत, हा नियम. आणि उघडायची ती आईनेच. मी किंवा दादाने उघडलेलं चालायचं नाही.

गेट बंद दिसलं, तर पपा गाडी थांबवून दुसरा हॉर्न द्यायचे.

लांबलचक.

दुसरा हॉर्न वाजला की त्या रात्री घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नसे. पपा ओरडायचे नाहीत. हातही उचलायचे नाहीत, त्याची गरजच कधी पडली नाही. ताट सरकवून उठायचे, आणि पुढे कितीतरी दिवस आईशी चकार शब्द बोलायचे नाहीत. तेवढे दिवस आई स्वतःच्या घरात चोरासारखी वावरायची.

लहानपणी एकदा मी पायरीवरून पडले. हनुवटी फुटली. आईने मला उचललं, पदर दाबून धरला...

आणि कोपऱ्यावर हॉर्न वाजला.

तिने मला तशीच फरशीवर ठेवली आणि आधी गेट उघडायला गेली.

खूण अजून आहे. लोक विचारतात तेव्हा मी सांगते, खेळताना पडले.

दादाचं वेगळं होतं. तो पपांचा लाडका. रविवारी पपा त्याला पुढच्या सीटवर बसवून फिरवून आणायचे, हॉर्न वाजवू द्यायचे. तोच हॉर्न. तो ऐकला की दादाला रविवार आठवायचा.

मला फरशी आठवायची.

पपा गेले, आणि आई हळूहळू माणसात आली. दिवेलागणीला शेजारच्या दोघी-तिघी जमायच्या आणि पायरीवर पत्त्यांचा डाव पडायचा. आई बिनदिक्कत लबाडी करायची. पकडली गेली की सगळ्यांत मोठ्याने तीच हसायची. हसताना आईच्या गालाला खळी पडते, हे मला चाळिशीत कळलं.

पुढे दादा बायकोला घेऊन आईजवळ राहायला आला. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. कुणी तिचं नाव काढत नव्हतं.

मग दादाच्या डोक्यात किडा वळवळला. त्याने कुठेतरी जुन्या गाड्यांची मिरवणूक पाहिली. झालं. पपांची गाडी त्यात गेलीच पाहिजे. आणि नुसती जायला नको, सगळं कसं ओरिजिनल पाहिजे. पपा चालवायचे तशीच.

त्याने एक गाड्यांचा वायरमन शोधून काढला. त्याला सगळे ‘करंट’ म्हणायचे. हात भारी म्हणून नव्हे, एकदा बोलायला लागला की बंद करायला बटण सापडायचं नाही म्हणून. केस कुळकुळीत काळे, मिश्या पांढऱ्या. वहिनी म्हणायची, रंग संपला असेल.

माझी वहिनी म्हणजे हसतमुख बाई. तिचं हसणं कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकू जायचं. मला चिडवायला मुद्दाम जुन्या थाटात ‘वन्सं’ म्हणायची.

मी त्या आठवड्यात माहेरी राहायला गेले होते. पहिल्याच दिवशी करंटने बॉनेट उघडलं आणि शीळ घातली.

“साहेब, ही वायरिंग सडलेली नाही. कापलीय.”

“आई म्हणते उंदरांनी खाल्ली,” दादा म्हणाला.

“तुमच्याकडचे उंदीर पक्कड वापरतात का?”

आई पायरीवर बसून पत्ते पिसत होती. मान वर न करता म्हणाली, “आमच्याकडचे उंदीर शिकलेले आहेत.”

सगळे हसले. वहिनी तर पोट धरून हसली.

मी आईच्या हातांकडे बघत होते. पत्ते पिसायचे थांबले होते.

करंटने काम मात्र मन लावून केलं. जुन्या गाडीत असायच्या तशा सुती कापडाच्या वेष्टणाच्या वायरी कुठूनतरी मिळवल्या. प्रत्येक टोक घासून लखलखीत केलं. बॅटरीपासून गाडीच्या अंगाला जोडायची तांब्याच्या जाळीची पट्टी नवीन विणून आणली. आणि तोंडाचा पट्टा चालूच. “आताच्या गाड्यांत बॅटरीचा मायनस बॉडीला जोडतात, ताई. या म्हातारीचं उलटं. हिला प्लस लागतो बॉडीला. आजकालची पोरं सरळ लावतात आणि सगळं जाळून ठेवतात. आपण जसं होतं तसंच करणार. अगदी साहेबांच्या वडिलांच्या वेळेसारखं.”

शुक्रवारी जेवताना आई दादाला म्हणाली, “रंग लाव. काचा बदल. गाद्या शिवून घे. बॅटरी तेवढी जोडू नकोस.”

“अगं, बॅटरीशिवाय गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा डबा.”

“डबाच राहू दे.”

दादा हसला. “आई, पपांची आठवण आहे ती.”

“माझ्याकडे आहेत पुरेशा,” आई म्हणाली आणि हात धुवायला उठली. पानातला भात तसाच होता.

शनिवारी दुपारी करंटने बॅटरी जोडली. दादाने किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. दादाच्या डोळ्यांत पाणी. वहिनीने टाळ्या वाजवल्या. दिवे लागले, वायपर हलले, सगळं झकास.

फक्त हॉर्न वाजला नाही.

दादाने पाच-सहा वेळा दाबून पाहिला. काही नाही.

“आतला पडदा फाटला असणार,” करंट म्हणाला. त्याने हॉर्न गाडीतून सोडवून काढला. “दुकानात नेऊन उघडतो.”

दादाने गाडी बंद केली. किल्ली खिशात टाकली. करंटने गाडीची दारं लावली, शेडचा दरवाजा ओढून घेतला. आम्ही सगळे चहाला घरात आलो.

बाहेर अंधारून येत होतं. पायरीवर आईचा डाव रंगात आला होता. खिडकीतून तिचा आवाज येत होता, “अगं, राजा कुठे गेला? मघाशी होता की तुझ्याकडे...”

काढलेला हॉर्न माझ्यासमोर टेबलावर होता. चहाच्या कपांशेजारी. त्याच्या दोन वायरींची टोकं मोकळी लोंबत होती.

आणि...

पों.

छोटासा. कोपऱ्यावरून.

मी हॉर्नकडे पाहिलं. करंटनेही पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडाला बटण सापडलं असावं.

बाहेर पत्ते खाली पडल्याचा आवाज झाला.

मी दाराशी गेले. आई गेटकडे चालली होती. तिचे गुडघे दुखतात, एरवी पायरी उतरायला ती भिंत धरते. आता झपाझप चालली होती. तिने कडी काढली. एक पाख उघडलं. मग दुसरं. आणि बाजूला होऊन मान खाली घालून उभी राहिली.

गल्ली रिकामी होती.

एक सायकल नाही. माणूस नाही. कुत्रंसुद्धा नाही.

पण आईची नजर जमिनीवरून सरकत होती... हळूहळू... गेटमधून आत... अंगणातून... शेडपर्यंत.

तिथे थांबली.

मग तिने गेट लावलं. आत आली. पाण्याचा ग्लास भरला आणि दाराशी तो हातात धरून उभी राहिली. पूर्वी राहायची तशी.

पत्ते खेळणाऱ्या बायका चपला घालून निघून गेल्या. एकीनेही काही विचारलं नाही.

“दुसरी कुठली तरी गाडी असेल,” दादा म्हणाला.

“असेल,” मी म्हटलं. “गेली कुठे मग? गल्ली तर आपल्या घराशी संपते.”

करंट हत्यारं आणायला शेडमध्ये गेला आणि लगेच परत आला. हत्यारं न घेता.

“साहेब, ड्रायव्हरच्या बाजूचं दार तुम्ही उघडलंत का?”

कुणीच उघडलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी करंटला फोन करून बोलावलं आणि बॅटरी सोडवायला लावली. तो ती स्वतःच्या दुकानात घेऊन गेला. हॉर्न आदल्या दिवशीच नेला होता. आता गाडीत ना बॅटरी, ना हॉर्न. दादा चिडला, पण वहिनीने त्याला गप्प केलं. “एक दिवस राहू द्या की. आईंना बरं वाटेल.”

संध्याकाळी मी आईला स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसवून ठेवलं. दार लावून घेतलं. तिच्या बायका आल्याच नव्हत्या. आम्ही शेंगा सोलत होतो. मी उगाच काहीबाही बोलत होते.

अंधार पडायला लागला...

आईची बोटं थांबली...

पों.

ती उठली. मी तिला धरलं. दोन्ही दंड घट्ट धरले.

“कुणी नाहीये, आई. गाडीत बॅटरीसुद्धा नाही.”

“सोड, चिमे.”

“नाही सोडणार.”

“सोड गं बाई. दुसरा वाजेल.” ती माझ्या हातात लहान पोरीसारखी धडपडत होती. “तुला माहीत आहे ना? दुसरा वाजेल...”

“वाजू दे!”

आणि वाजला.

लांबलचक. थांबेचना. भांड्यांवरच्या झाकण्या थरथरत होत्या. कोपऱ्यावरून नाही, अगदी गेटसमोरून येत होता. वहिनी कानांवर हात ठेवून आत धावत आली.

मग एकदम थांबला.

आई माझ्या हातातून सुटून खाली बसली. भिंतीला टेकून. अंग चोरून.

रात्री वहिनीने पानं वाढली. आम्ही बसलो. दादाने एक घास घेतला. ताटाकडे बघत राहिला. मग त्याने ताट हळूच, दोन बोटांनी पुढे सरकवलं.

“तिला धरून ठेवायची काय गरज होती?” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. आणि उठून गेला.

ताट दोन बोटांनी सरकवणं... ते पपांचं होतं. दादाला मी तसं करताना कधी पाहिलं नव्हतं.

वहिनी म्हणाली, “यांना काय झालं?”

आईने आणि मी एकमेकींकडे पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी दादा कामावर गेल्यावर आई आपणहून बोलली. कणीक मळत होती, पाठमोरी.

“ते गेले ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वाजत होता. रोज. मी रोज उघडायचे. तुम्ही दोघं आपापल्या घरी गेलात, मी एकटीच होते. म्हटलं, थोडे दिवस वाजेल. सवय असते माणसाला. अख्खा उन्हाळा गेला. मग एक दिवस भर दुपारी पक्कड घेऊन शेडमध्ये गेले. दिसेल ती वायर कापली. मागे उभे राहून बघताहेत असं वाटत होतं. तरी कापली. त्या संध्याकाळी वाजला नाही.”

“आम्हाला का नाही सांगितलंस?”

आई वळली. हात कणकेने भरलेले.

“सांगून काय होणार होतं? ते जिवंत होते तेव्हा तुम्ही ऐकतच होतात की. तेव्हा कोण काय बोललं?”

माझा हात हनुवटीवरच्या खुणेवर गेला.

संध्याकाळी दादा आला आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, वायरी कापून टाक, नाहीतर गाडी तरी विकून टाक. तो म्हणाला, “पपांच्या गाडीला हात लावायचा नाही. आईच्या मनाचे खेळ आहेत सगळे, आणि तू त्याला खतपाणी घालतेस.”

“काल दुसरा हॉर्न तूही ऐकलास.”

“ऐकला,” दादा म्हणाला. “मग? गेट उघडायला काय जातंय? एवढी वर्षं उघडलंच ना तिने? काय झिजली का?”

तो हे आईच्या समोर म्हणाला. आई मान खाली घालून उभी होती. वहिनीचं तोंड उघडं राहिलं. आणि मला कळेना की हे बोलणाऱ्या माणसाचा मला राग यावा की भीती वाटावी.

त्याच संध्याकाळी, अंधार पडायच्या आत, मी आईला घेऊन निघाले. तिने फक्त कपडे घेतले. गेटमधून बाहेर पडताना तिने सवयीने पाख ओढून घेतलं, आणि वहिनीला म्हणाली, “तू सांभाळ गं.”

वहिनी तेव्हाही हसली. “मी आहे ना, आई. बिनघोर जा.”

माझं घर तिसऱ्या मजल्यावर. गेट नाही, अंगण नाही. सुरुवातीला आई दिवेलागणीला दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहायची. मी काही म्हणत नसे. मग हळूहळू बसायला लागली. मग शेजारच्या आजीशी ओळख झाली आणि पत्ते बाहेर निघाले. एक दिवस मी तिला लबाडी करताना पकडलं आणि मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

वाटलं, सुटली.

दादाने गाडीला दुसरी बॅटरी घेतली, नवा हॉर्न बसवला. मिरवणुकीचे फोटो पाठवले. फोटोत तो चालवतोय, पपांसारखीच कोपरं काढून. शेजारी वहिनी. फोटो मोठा करून पाहिला. ती हसत होती, पण तोंड मिटलेलं होतं.

काही दिवसांनी मी तिला फोन केला. सहज, संध्याकाळचा. आई समोर बसून पत्ते लावत होती.

वहिनीचा आवाज बारीक झाला होता. शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं तसा.

“दादा काय म्हणतोय?”

“ते परगावी गेलेत. काल सकाळीच.”

“आणि गाडी?”

“शेडमध्ये. जाताना बॅटरी काढून ठेवलीय यांनी.” मग एकदम घाईने, “वन्सं, थांबा हं जरा. आलेच.”

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. आणि पावलं. धावणारी.

हॉर्न मी ऐकला नाही. शपथेवर सांगते, फोनमधून काहीही आवाज आला नाही. फोन माझ्या कानाला लावलेला होता, आईपर्यंत काही पोचण्याची शक्यताच नव्हती.

आई पत्त्यावर पत्ता ठेवत होती. वर न बघता म्हणाली,

“तिला म्हणावं, धावू नकोस. पडशील. पहिल्यानंतर दुसऱ्यापर्यंत थोडा वेळ असतो.”



“आई, तुला ऐकू आलं?”

तिने माझ्याकडे पाहिलं. पुढचा पत्ता लावला.

थोड्या वेळाने वहिनी परत फोनवर आली. दम लागला होता.

“कोण होतं गं?” मी विचारलं.

“कुणी नाही,” ती म्हणाली. आणि मग, मोठ्या संकटातून सुटल्यासारखी, “वेळेत उघडलं.”

मी तिला हजार वेळा म्हटलं, इकडे निघून ये. म्हणते, असं कसं घर सोडून यायचं. दादाला फोन केला, तर म्हणाला, “ती मजेत आहे. उलट आता बरी शांत झालीय. वळण लागलं तिला.”

करंट माझा फोन उचलत नाही. एकदाच उचलला. मी विचारलं, पुन्हा सगळ्या वायरी कापल्या तर? त्याने हातातलं काम खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “ताई, तेव्हा कापल्या म्हणून थांबलं असेल. आता बॅटरी माझ्याकडे होती तरी वाजला ना? मला या गाडीचं काही विचारू नका.”

आता आमच्याकडे रोज संध्याकाळी एकच गोष्ट होते. आई पत्ते खेळत असते. अंधारून येतं. मधेच ती हातातले पत्ते पालथे ठेवते... आणि थांबते.

एवढ्या वेळात तिकडे वहिनी गेटपर्यंत पोचत असते.

मग आई सुस्कारा टाकते आणि पत्ते उचलते. तेव्हा मीही श्वास सोडते.

काल तिने पत्ते पालथे ठेवले.

मी वाट पाहिली.

तिने ते पुन्हा उचललेच नाहीत.

सकाळपासून मी वहिनीला फोन लावतेय... नुसती रिंग जातेय.